न काळवंडणारी कणीक

मळून ठेवलेली कणीक दुसऱ्या दिवशी काळवंडते, हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही फुकटात ठाऊक असतं. गव्हातलं एक एन्झाइम रंग तयार करतं म्हणून काळवंडते, हे सांगायला मात्र आमच्यासारखी पगारी माणसं लागतात. माझी थोरली बहीण आणि मी एकाच प्रयोगशाळेत होतो. ते एन्झाइम बनवणारी जनुकंच निकामी असलेला गहू ताईनं घडवला. अर्धं आयुष्य संकर करण्यात घालवून. त्याची कणीक शिळी होते, काळी होत नाही.

ताईला एक खोड होती. चाचणीसाठी लाटलेल्या कणकेच्या चकतीच्या कडेला अंगठा दाबायचा.

"अगं, रंगमापकाला नमुना सपाट लागतो," मी करवादायचो.

"सही केली रे. एवढं शिकून अंगठाबहाद्दरच राहिले!"

त्या अंगठ्यावर भाजल्याचा आडवा व्रण होता. फाटकावरच्या हजेरीच्या यंत्रानं तो कधीच पहिल्या फटक्यात ओळखला नाही. तीन-चारदा दाबायची, यंत्राला "मेल्या" म्हणायची, तेव्हा कुठे फाटक उघडायचं.

वाणाला मान्यता मिळण्याआधीच ती गेली. शेवटची चाचणी माझ्याकडे आली. चकतीवर डाग दिसला की वाण बाद, आणि ताईचं अर्धं आयुष्यही.

हातमोजे घालून मळलं, लाटलं, झाकून ठेवलं. सकाळी शेजारची साध्या गव्हाची चकती ठरल्याप्रमाणे राखेसारखी झाली होती. ताईची पांढरीशुभ्र. फक्त कडेला अंगठ्याएवढा तपकिरी डाग.

माझाच काहीतरी गलथानपणा, म्हणून पुन्हा मळलं. नवं पीठ, नवी भांडी. डाग तिथंच. या खेपेला त्यात रेषा होत्या, आणि मधून आडवा, कोरा पट्टा.

जनुकं तपासली. मेलेलीच होती.

मान्यता देणाऱ्या समितीसाठी केलेल्या चकतीवर डाग सर्वांत गडद उठला. हातमोज्यातूनही कळलं, खड्डा नव्हता. उंचवटा होता. आतून कुणी दाबल्यासारखा.

दारात संचालकबाई येऊन उभ्या राहिल्या. "झालं का हो? मंडळी खोळंबलीयेत."

"आणतोच, बाई."

"आज तुमच्या ताई हव्या होत्या."

त्या वळल्या. मी हातमोजा काढला. उघड्या अंगठ्यानं तो उंचवटा दाबला, चोळला, सपाट केला. कणीक गार हवी होती. कोमट लागली.

"माफ कर गं," म्हटलं.

डाग गेला.

वाण एकमतानं मंजूर झाला. ताईचंच नाव द्यायचं ठरलं. टाळ्या वाजल्या. मी चकतीकडे बघत राहिलो. कोरी. सही केल्याशिवाय ताईनं एकही चकती पुढे जाऊ दिली नव्हती.

संध्याकाळी फाटकावर यंत्राला अंगठा लावला.

पहिल्याच फटक्यात हिरवा दिवा लागला. पडद्यावर ताईचं नाव आलं.

अंगठा न बघताच मुठीत मिटला. मी अजून मूठ उघडलेली नाही.