ताईच्या केसांवरचा उजेड

ताईने आयुष्यात आपणहून फोटो काढायला सांगितलं ते एकदाच. मंगळवारी, दुपारी पावणेतीनला.

"उद्यापासून औषध सुरू," ती म्हणाली. "पंधरा दिवसांत केस जातील म्हणे. त्याआधी एक काढून ठेव. तोंड कसंही येऊ दे, केस नीट आले पाहिजेत."

"तोंड तसंही तुझं कधी नीट आलंय?" मी म्हणाले. ती हसली. आम्हा बहिणींचं असंच चालतं.

माझा स्टुडिओ म्हणजे घरामागची एक लांबट खोली. खिडक्यांना काळं कापड आहे. दार लावलं की भर दुपारीसुद्धा डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. केसांवर उजेड वरून आणि जरा मागून पाडावा लागतो आणि स्टँड तर फोटोत येता कामा नये. त्यासाठी बूम असतो. उभ्या स्टँडवर एक लांब आडवी दांडी, तिच्या एका टोकाला लाइट आणि दुसऱ्या टोकाला तोल राखायला वाळूची पिशवी. पिशवी नसेल तर दांडी, लाइट, स्टँड, सगळंच खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर येतं. बावीस वर्षांत पिशवी लावल्याशिवाय मी दांडीवरचा हात कधी काढला नव्हता.

त्या दिवशी काढला. दांडीचं मागचं टोक एका हाताने धरून मी पिशवीसाठी वाकणार, एवढ्यात ताई म्हणाली, "अगं, ही गाठ सुटेना. ओढू नकोस हां, आहेत तेवढे तरी राहू देत."

वेणी सोडताना तिचा आवाज जरासा फाटला. मी तशीच तिच्याकडे गेले. गाठ सोडवली, कंगवा फिरवला, कमरेपर्यंतचे निम्मे पांढरे केस पाठीवर पसरले. डोळे पुसत कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिले.

खोलीत शटरचा आवाज तेवढा होता. तापलेल्या लाइटवर जळणाऱ्या धुळीचा वास येत होता. तिसाव्या फोटोनंतर बॅटरी बदलायला खाली वाकले, तेव्हा भिंतीपाशी पिशवी दिसली.

मी सावकाश मान वर केली. लाइट ताईच्या डोक्यावर जिथल्या तिथे होता. दांडीचं मागचं टोक मात्र अंधारात गेलं होतं आणि तिथे किंचित खाली-वर होत होतं. कुणीतरी बराच वेळ दोन्ही हातांनी धरून उभं असावं आणि हातांना रग लागावी, तसं.

ओरडावंसं वाटलं, पण मी ओरडले नाही. ओरडले असते तर ताई दचकली असती. आणि ताईबरोबर तेही दचकलं असतं…

"ताई… जरा पुढे ये. हळू."

"मघाशी म्हणालीस, पुतळ्यासारखी बस. आता म्हणतेस पुढे ये. एकदा काय ते ठरव बाई."

"ये ना…"

"थांब गं. छान ऊब लागतेय." तिने डोळे मिटून मान कलती केली.

तिच्या डाव्या बाजूचे केस अंधारात गेले. लाइट वीतभर डावीकडे हवा, असं माझ्या मनात आलं. तोंडातून शब्दही निघाला नव्हता आणि दांडी सरकली. अगदी वीतभर. मग लाइटने बोटभर मान खाली घातली.

पुढचं कसं सांगू? एकेक केस सुटा दिसू लागला. पांढरे केस आतून पेटल्यासारखे झाले. तिच्या कपाळावरचा सहा महिन्यांचा थकवा कुठल्या कुठे गेला. इतकी वर्षं मी जो उजेड शोधत होते तो हाच, आणि तो पाडणारा हात माझा नव्हता. अंगावर काटा होता, पण तो भीतीचा नव्हता. मी आणखी पाच फोटो काढले. बहिणीच्या डोक्यावर चार किलोचं वजन कुणाच्या भरवशावर आहे ते ठाऊक नसताना काढले. सांगायला लाज वाटते, पण काढले.

शेवटी ताईच उठली. "पाय आखडले," म्हणत चहा टाकायला घरात गेली. मी पिशवी उचलली, अंधारात शिरले, चाचपून दांडीचं टोक धरलं.

"धरलं…" मी म्हणाले.

दोघांनी कपाट उचलावं आणि दुसऱ्याने अलगद हात काढून घ्यावा, तसं वजन माझ्या हातात आलं. झटका बसला नाही. मी नीट धरलंय याची खात्री करूनच ते दिलं होतं.

सोळाव्या दिवशी केस गेले. ताई आता वॉर्डात असते. खिडकीपासून लांबची खाट, वर एकच ट्यूबलाइट. तरी तिच्या उघड्या डोक्यावर आणि उशीवर एक गोल, सोनेरी उजेड पडलेला असतो. सिस्टरांनी खाट दोनदा हलवून पाहिली. उजेडही तेवढाच हलला. आता त्या तिकडे बघत नाहीत.

लाइट उंच असला की गोल मोठा पडतो, खाली येऊ लागला की आवळत जातो. म्हणून मी रोज टेपने मोजते. पहिल्या दिवशी छत्तीस सेंटीमीटर होता. काल एकवीस.

आज ताईचा डोळा लागल्यावर स्टुलावर चढून मी उजेडात हात धरला. हाताची सावली तिच्या कपाळावर पडली. हात हळूहळू वर नेत गेले. उशीपासून चार फुटांवर तळवा पोळला. त्याच्या वर हात नेला, तर सावली पडेना. वर तर नुसती हवा होती, आणि तिच्या पलीकडे छत.

मी हात पुन्हा खाली आणला आणि तिच्या डोक्यावर तसाच आडवा धरून उभी राहिले.

डोळे न उघडताच ताई पुटपुटली, "हात काढ गं… मध्ये येतेयस."