रेघपत्र

रेघपत्राशिवाय हाताचं चित्र विकायला बंदी होऊन तीन वर्षं झाली होती. छापील चित्रं हाताची म्हणून खपवणारी यंत्रं इतकी सराईत झाली होती की माणसाचा डोळा फसायचा. म्हणून रेघवाचक आलं. पाटाएवढी काच आणि तिच्यावर आडवा दिवा. चित्र काचेवर ठेवलं की दिवा एकेका रेघेवरून हळूहळू सरकायचा. रंगाचा थर कुठे जाड, कुठे पातळ, कुंचला कुठे दबला, कुठे उचलला, हे मोजून यंत्र सांगायचं की रेघ हाताची आहे की नाही, आणि असेल तर कुणाच्या हाताची. तसा दाखला म्हणजे रेघपत्र.

कुडाळच्या रेघपत्र केंद्रातून अनंत परुळेकर महिन्यातून एकदा हे यंत्र गाडीत घालून पिंगुळीजवळच्या ठाकरवाडीत यायचा. त्या दिवशी सकाळी तो सुगंधाच्या पडवीत बसला होता. समोर तिची पहिली पोथी होती. बत्तीस सुटी चित्रं, सुंदरकांडाची. घराणं चित्रकथी लोकांचं. चित्रं रंगवायची, देवळात एकेक चित्र लोकांसमोर धरायचं आणि गात गात कथा सांगायची, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणत.

सुगंधा अडतीस वर्षांची होती, पण कुंचला हातात घेऊन तिला दोनच वर्षं झाली होती. दहा वर्षांची असताना आईने तिला पुण्याला मामाकडे पाठवलं. "हिच्या हातात कुंचला द्यायचा नाही," एवढंच ती म्हणाली होती. सुगंधाने पुण्यात बिस्किटांच्या पुड्यांवरची चित्रं संगणकावर केली, लग्न केलं, मुलगी झाली, लग्न मोडलं. आई गेल्यावर मुलीला घेऊन दिवसकार्याला आली आणि परत गेलीच नाही. बापाने, म्हणजे आबांनी, दगड उगाळून तांबडा रंग करायला शिकवला, तेव्हा त्या वासाने तिला लहानपणीचा बापाचा सदरा आठवला आणि ती खूप रडली. त्यानंतर तिने पुण्याची खोली सोडली.

"ताई, मारुतीचं शेपूट झकास जमलंय," अनंत म्हणाला. "अख्ख्या पोथीतली सगळ्यात लांब रेघ. एका दमात काढली?"

"एका दमातच काढायची असते. मध्ये कुंचला उचलला तर आबा चित्र फाडायला लावतात."

"फाडूक नाय लावणय, चुलीत घालूक लावतंय," आबा आतून म्हणाले. अनंत हसला.

आबा बाहेर आले. वय बासष्ट. हात नेहमीप्रमाणे उपरण्याखाली. देवळात त्यांचे हात दिसत ते फक्त टाळ वाजवताना, आणि त्यांच्यासारखा जलद टाळ पंचक्रोशीत कुणाचा नव्हता.

सुगंधाला घराण्याचं रेघपत्र हवं होतं. त्याने चित्राला मान मिळायचा आणि पोथी संग्रहालयात जायची. त्यासाठी तिच्या रेघेशी वाडवडिलांची रेघ जुळवावी लागणार होती. पणजोबांच्या एका पोथीचं वाचन संग्रहालयाने आधीच केलं होतं, ते अनंतकडे होतं. आजोबांची पोथी घरात होती. राहिले आबा.

"आबा, तुमची एक तरी पोथी लागेल," अनंत म्हणाला.

"बाकीच्यो इकल्यो, शेवटची बुडवली."

या घराची तशी रीत होती. रंगवणाऱ्याचा हात थरथर कापायला लागला की देवाने हात परत मागितला असं समजायचं. मग त्याने कुंचला मुलाकडे द्यायचा, शेवटची पोथी नदीच्या कोंडीत, म्हणजे खोल डोहात, सोडायची आणि पुढे फक्त गायचं. कापऱ्या हाताने काढलेलं चित्र घरात ठेवायचं नाही.

आबा आत गेले आणि जुन्या हिरव्या लुगड्यात बांधलेला गठ्ठा छातीशी धरून आले. गठ्ठा खाली ठेवताना त्यांचे कापरे हात उपरण्याबाहेर आले. सुगंधाने ते पाहिले आणि नजर वळवली. आई असताना असं कधी दिसायचं नाही. त्यांच्या सदऱ्याची बटणं ती लावायची, चहा अर्धा पेलाच ओतायची, चारचौघांत जेवायला बसायच्या आधी त्यांना आत जेवू घालायची. ती गेल्यापासून सदरा उघडाच असायचा.

"ही बुडवूक व्हयी होती," आबा म्हणाले. "पण हेचे रंग तिना वाटलले. माका धीर झालो नाय."

अनंतने एकेक चित्र काचेवर ठेवलं. दिवा सरकत राहिला. दुपारपर्यंत आजोबांचं, आबांचं आणि सुगंधाचं वाचन झालं. अनंतने चारही पिढ्या पडद्यावर एकाखाली एक लावल्या.

"जुळलं?" सुगंधाने विचारलं.

"जुळलं." तो पडद्याकडेच बघत होता. "चार पिढ्या सरळ जुळतात. रेघपत्र मिळेल, ताई." आणि तो घाईघाईने वायर गुंडाळायला लागला.

"मग तोंड असं का केलंत?"

"काही नाही. उशीर झालाय."

"परुळेकर, जेवल्याशिवाय तुम्ही आजवर या घरातून गेला नाहीत. काय दिसलं?"

अनंतने वायर खाली ठेवली. "हे यंत्र आधी हॉस्पिटलसाठी केलेलं होतं. माणसाला कागदावर गोल गोल रेघ काढायला सांगायचे. मेंदूचा एखादा आजार सुरू होत असेल तर तो रेघेत आधी दिसतो. डोळ्याला दिसायच्या कितीतरी आधी." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "ही पणजोबांची रेघ. इथून तिच्यात बारीक कंप येतो. पोथीच्या शेवटी शक लिहिलाय, त्यावरून त्यांचं वय निघतं. सत्तावन्न. तुमच्या आजोबांचा हाच कंप, अगदी हाच. वय पन्नास. आबांचा चव्वेचाळीस."

सुगंधाने गणित केलं. करायचं नव्हतं, तरी झालं.

"दर पिढीला लवकर येतोय," ती म्हणाली.

"काही आजार तसे असतात. बापाकडून मुलाकडे जाताना वाढत जातात."

"पण ते तर कुंचला ठेवून गात राहिले. चांगले होते."

"किती दिवस?"

सुगंधाने आबांकडे पाहिलं. आजोबा कोंडीत पडून गेले. पोथी सोडायला गेले आणि तोल गेला, असं घरात सांगत. पणजोबांना शेवटी मुलगा ओळखू येत नव्हता. देवाने बुद्धीही नेली म्हणत. आणि गेल्या महिन्यात, देवळात, आबा सीतेचा शोध गाताना मध्येच थांबले होते. लोकांना वाटलं, गळा भरून आला.

"माझी रेघ?" तिने विचारलं.

अनंतने पडद्यावरचं बोट काढलं.

"माझी रेघ दाखवा."

"पहिल्या अठ्ठावीस चित्रांत काही नाही. एकोणतिसाव्यापासून आहे."

"तेव्हा मी दमले होते. चार दिवस झोप नव्हती."

"दमलेला हात वेगळा कापतो, ताई. यंत्राला तो फरक कळतो." तो खाली बघत म्हणाला, "मी डॉक्टर नाही. रक्त तपासून घ्या. पण घ्याच."

"व्हायचा नाय!" आबा एकदम ओरडले. "ता रंगवणाऱ्या बाप्यांका येता. बायलांका येना नाय. आमच्या घरात एका बायलेक इला नाय!"

"बायकांना कुंचला दिला कधी, आबा? कळणार कसं?" सुगंधा म्हणाली. "कमळीआत्याच्या हातून भरलेली कळशी पडायची. तुम्ही सगळे तिला वेंधळी म्हणायचात."

आबांनी उपरणं सावरलं. मग म्हणाले, "तुझी आवस म्हणा होती, चेडवाक हयसून काढूक व्हया. कुंचलो हातात येवचो नाय, तर ता पण येवचा नाय." ते पडवीच्या कठड्यावर बसले. "ती गेली नि तू इलंस. रंगवतंय म्हणालंस. माका बरा वाटला गो. घरात कोणतरी होता."

सुगंधाला त्यांचा राग आला, आणि रागाच्या खाली नुसती भीती होती. आईने तिला कुंचल्यापासून दूर नेलं, आणि ते दुखणं तिच्याबरोबरच पुण्याला गेलं होतं. मामाच्या घरी, शाळेत, लग्नात, बाळंतपणात. ते कुंचल्यात कधी नव्हतंच.

बाळंतपण. तिने दाराकडे पाहिलं.

तिची मुलगी केतकी उंबऱ्यात उभी होती. सतरा वर्षांची. केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिच्या हातात ओला कागद होता. आबांकडून ती आईपेक्षा लवकर शिकली होती, आणि तिचा हात आईपेक्षा चांगला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"मला किती?" केतकीने विचारलं.

"निम्मी शक्यता," अनंत हळू आवाजात म्हणाला. "आईला असेल तर. नसेलही."

"तुमच्या यंत्राला आत्ता कळेल?"

"कदाचित. सुरू झालं असेल तरच. पण अठरा पूर्ण झाल्याशिवाय मी वाचन करणार नाही. आणि त्यानंतरही तू स्वतः म्हणालीस तरच."

"मी म्हणणार नाही," केतकी म्हणाली. "मला नाही बघायचं."

"केतू, आधी कळलं तर औषध..."

"आहे औषध?" तिने अनंतला विचारलं.

"अजून नाही. काम चालू आहे. पाच वर्षं, दहा वर्षं, कुणी सांगू शकत नाही."

"मग काय बघायचं?"

अनंत न जेवता गेला. यंत्र गाडीत चढवताना त्याने सुगंधाला डॉक्टरचा नंबर लिहून दिला. आबा कठड्यावरून उठले नाहीत. सुगंधाने त्यांच्या सदऱ्याची बटणं लावली. चार बटणांना तिला बराच वेळ लागला, आणि कुणामुळे लागला हे तिने स्वतःला विचारलं नाही.

ती आत गेली तेव्हा केतकी पुन्हा चित्र काढायला बसली होती. सेतू बांधायच्या आधीचा समुद्र होता. खाली निळ्या रंगाचा हात देऊन झाला होता आणि ती काळ्या रंगाने लाटा काढत होती. एकामागून एक, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लाटेची रेघ मुळातच हलती. ती वर जाते, खाली येते, मध्ये बारीक थरथरते. तशी नसेल तर पाणी दिसत नाही.

सुगंधा तिच्याजवळ बसली. कालपर्यंत ती समुद्र बघून म्हणाली असती, निळा जरा जास्त झाला. आज तिला निळा दिसलाच नाही. ती एका लाटेवर वाकली. मग दुसऱ्या. ही थरथर पाण्याची आहे का? आणि ही? कुंचला कागदावरून पुढे सरकत होता आणि तिची नजर त्याच्या टोकाला चिकटून मागे मागे जात होती.

केतकीचा कुंचला थांबला. तिने मान वर केली नाही.

"आई," ती म्हणाली, "आता रोज असंच बघणार आहेस का?"