उंबऱ्याशी संपलेली बातमी

'ता. २१ फेब्रुवारीच्या अंकात पासली येथील शिपाई कुंडलिक युद्धावरून घरी परतल्याची बातमी आमच्या भोरच्या बातमीदाराच्या नजरचुकीने प्रसिद्ध झाली. वाचकांनी ती नसल्याप्रमाणे समजावी.'

हे निवेदन १९४६ सालचे, पुण्याच्या एका साप्ताहिकाचे. संपादक कॉलेजात तर्कशास्त्र शिकवीत. दोन वाक्यांत तीन असत्ये बसवणे त्यांना जड गेले नसावे. बातमीदार मी.

पहिले असत्य, नजरचूक. चुकायला नजर तिथे असावी लागते. मी पासली पाहिलीही नव्हती. अंक गुरुवारी निघे आणि माझा मजकूर मंगळवारी सकाळच्या मोटारीने भोरहून जाई; त्यामुळे बुधवारी घडायचे ते मंगळवारी लिहून ठेवण्याची आमची रीतच होती. बक्षीससमारंभ, कीर्तने, अध्यक्षांचे समारोप, हे सारे मी आदल्या दिवशी लिहिले आहे, टाळ्यांसकट. त्या बुधवारी प्रचंडगड तालुक्यातले, म्हणजे वेल्ह्याकडचे, तीन शिपाई नसरापूरला उतरायचे होते. तिघांत कुंडलिक हा ठकुबाई नावाच्या विधवेचा एकुलता मुलगा. कॉलेजातल्या वाचकांना खेड्यातले अश्रू फार आवडतात, असे संपादक मला वारंवार कळवीत. तेव्हा मी घर रचले. दाराशी पाण्याची दगडी डोणी ठेवली, आणि मजकूर खरा वाटावा म्हणून तिची एक कड फोडली. मुलगा तांब्या डाव्या हातात धरून पाय धुतो, उंबऱ्याशी येऊन थांबतो. शेवटचे वाक्य असे होते: 'ठकुबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मुलगा घरात गेला.'

दुसरे असत्य, बातमी प्रसिद्ध झाली. ती पुरती प्रसिद्ध झालीच नाही. जागा अपुरी पडली, म्हणून ते शेवटचे वाक्य एका केशतेलाच्या जाहिरातीखातर काढण्यात आले. छापलेली बातमी उंबऱ्याशी संपत होती.

तिसऱ्या असत्यासाठी मला पासलीला जावे लागले.

नसरापूरला दोघेच उतरले. त्यांतल्या हैबतीने, पासलीच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यातल्या शिपायाने, तिथेच सांगितले की कुंडलिक ब्रह्मदेशात तापाने गेला आणि अग्नी आपण स्वतः दिला. तोवर पुण्यात पान छापून झाले होते.

पुढच्या आठवड्यात हाच हैबती भोरला माझ्या खोलीवर आला. घोंगडीवर बसून, सावकाश, सारे सांगत गेला. त्याने निरोप दिल्यावर ठकुबाई दोन दिवस रडल्या. तिसऱ्या दिवशी शाळामास्तरांनी पारावर अंक वाचून दाखवला. ठकुबाई उठल्या, घरी गेल्या आणि त्यांनी पाणी तापत ठेवले. आता दहावा आला. भावकी पिंडाची तयारी करते आहे, आणि त्या दाराकडे बोट दाखवून विचारतात, दहावा कुणाचा?

"छापलंय तुमी, सायेब," हैबती म्हणाला. "पुसायचं बी तुमीच."

त्याला स्वतःला तिथे काही दिसले का, असे मी विचारले. तो घोंगडीची दशी ओढत राहिला.

"म्या त्या दाराकडं बगत न्हाई."

दुरुस्तीचा अंक त्याच दिवशी हाती आला होता. तो खिशात घालून मी हैबतीबरोबर निघालो, वैद्याने औषध घेऊन निघावे तसा. वेल्ह्यापर्यंत बैलगाडी, पुढे पायी. तोरणा पाठीशी पडला. खाचरांतून भाताची धसकटे वाळली होती, कुठे राब भाजल्याचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पासलीत पोहोचलो.

दाराशी दगडी डोणी होती. डोणी कुणाच्याही दाराशी असते, असे मी स्वतःला समजावले. तिची एक कड फुटलेली होती.

भावकीतल्या बायका ये-जा करीत होत्या. जी ती उंबऱ्याशी आली की अंग चोरी, पदर आवरी आणि तिरकी होऊन आत जाई. दारात कुणी उभे असले म्हणजे जावे लागते, तसे. उंबऱ्याबाहेर भाकरीचे सात-आठ तुकडे पडले होते. रोज एक ओवाळून टाकलेला. कोंबड्यांनी त्यांना टोच मारली नव्हती. मुंगीही लागली नव्हती.

डोणीपासून उंबऱ्यापर्यंत ओली पावले होती. उन्हात ती सुकत नव्हती.

मी सरळ आत जायला निघालो. हैबतीने माझे कोपर धरले आणि मला कडेने नेले.

ठकुबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी मला पाट दिला, पाणी दिले, आणि एकच गोष्ट विचारली.

"त्यो डावरा हाय, ह्ये तुमास्नी कुनी सांगितलं?"

मला कुणीही सांगितले नव्हते. मी अंक उलगडला आणि दुरुस्ती वाचून दाखवली, स्पष्ट, दोनदा. बाहेर भावकी माझ्या शब्दाची वाट पाहत होती. बातमी खोटी, एवढे मी अंगणात येऊन म्हणालो की सारे नदीवर जाणार होते.

"नसल्यापरमानं समजावी," त्यांनी ते शब्द चाखून पाहावेत तसे उच्चारले. "मला कशाला सांगता, दादा? त्यो हुबाय तितं. त्याला वाचून दावा."

मी दाराकडे पाहिले. दारात लख्ख ऊन होते आणि कुणी नव्हते.

तरीही तिकडे तोंड करून मला ते वाचता आले नाही.

त्यांनी देवाच्या कोनाड्यातून त्या पहिल्या बातमीचे पान काढले. घड्यांवर ते फाटत आले होते. जिथे बातमी संपत होती तिथे त्यांनी बोट ठेवले. अक्षर न येणाऱ्या बाईने, नेमके तिथे.

"फुडचं लिवा. सा वर्सं वाट बगितली, ती त्यानं दारात हुबं ऱ्हावं म्हून न्हाई."

माझ्या खिशात पेन्सिल होती.

अंगणात जाऊन मी काहीच बोललो नाही. दहावा झाला नाही.

शाळामास्तरांनी पुण्याला तक्रार केली. सुशिक्षित बातमीदाराने एका अडाणी बाईची फसवणूक केली आणि खोटी बातमी दुसऱ्यांदा लिहिली, असा आरोप ठेवून संपादकांनी माझा लेखी खुलासा मागवला. मी पाठवलेला कबुलीजबाब शब्दशः असा:

'पहिली बातमी मी न पाहता लिहिली, हा गुन्हा मला मान्य आहे. दुसऱ्या वेळी मी आपण गाळलेले एक वाक्य पानाच्या समासात लिहिले आणि वाचून दाखवले. ठकुबाईंनी दारात जाऊन भाकरतुकडा ओवाळला, टाकला, आणि ताट वाढायला त्या चुलीकडे वळल्या. त्या वाक्याबाहेर मी एक अक्षरही लिहिलेले नाही. दार लावल्याचे मी लिहिले नव्हते. ठकुबाई माझ्यासमोर होत्या, हैबती अंगणात होता, आणि माझ्या पाठीमागे कडी आतून लागली.'