पाचवा ठोका

"थांबा, थांबा! ठण्ण कुठंय?" टिकटिकने दोन्ही हात वर केले आणि बँड जागच्या जागी थांबला.

बँड म्हणजे काय, तर एक उलटी बादली, गंजलेल्या हँगरांचा जुडगा आणि कोळशाची एक जुनी जडशीळ इस्त्री. त्या इस्त्रीवर हँगर आपटला की झकास ठण्ण व्हायचं.

"इस्त्रीच नाहीये!" भोंगा म्हणाला. तो कुजबुजला तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. "काल इथंच ठेवली होती, आईशप्पथ!"

"तिला काय पाय फुटले?" नाक्याने हवा हुंगत विचारलं. त्याला सगळंच हुंगायची खोड होती.

तिघांच्याही आया एका लॉन्ड्रीत कामाला होत्या. दवाखान्यांच्या चादरी धुवायच्या आणि वाफेवर तापणाऱ्या रोलरखाली दाबून कडक करायच्या. सुट्टीत घराला कुलूप, म्हणून पोरं दिवसभर लॉन्ड्रीच्या अंगणात. पहिल्या आठवड्यात कंटाळून त्यांची भांडणंसुद्धा संपली. मग चित्रकला शिकवणाऱ्या टिकटिकच्या मावशीने एक युक्ती सांगितली. "डोळे मिटा. पाच मिनिटं गप्प बसा. कानाला, नाकाला, हाताला काय लागतं ते नीट बघा. आणि त्यातूनच काहीतरी करा!"

आधी तिघं नुसती खिदळली. पण हळूहळू लॉन्ड्री बोलायला लागली. धुण्याच्या यंत्राची धबडधबड, रोलरची सुंई आणि मध्येच बॉयलरची लांब शिट्टी. टिकटिक सगळं मोजायची, म्हणून तर ती टिकटिक. तिने तीनशे मोजले की शिट्टी व्हायची. त्यावरच त्यांनी आपली धून बेतली होती.

"इस्त्रीशिवाय घेऊ," ती म्हणाली. बादली वाजली, हँगर वाजले. तीनशे झाले, चारशे झाले, पण शिट्टी काही आली नाही.

"सकाळपासून एकदाही आली नाहीये," टिकटिक सावकाश म्हणाली. "डोळे मिटा."

तिघं गप्प बसली. नाक्याच्या कपाळाला आठी पडली. "रंग जळल्याचा वास येतोय. काल नव्हता."

टिकटिकने बॉयलरखोलीच्या भिंतीला तळहात लावला. काल वीस मोजेपर्यंत हात टिकला होता. आज तिने तीनलाच ओढून घेतला. या भिंतीला लागूनच पलीकडे तिच्या आईचा रोलर होता.

भोंग्याच्या खांद्यावर चढून तिने खिडकीतून पाहिलं. शिट्टीच्या दांड्याला तारेने बांधलेली त्यांची इस्त्री लोंबकळत होती! दांडा वर उचलला गेला की जादा वाफ शिट्टी वाजवत बाहेर जाते, हे बॉयलरमामांनीच त्यांना शिकवलं होतं. इस्त्रीच्या वजनाने तो उचललाच जात नव्हता. पण मामा आज रजेवर होते आणि हमालदादा मुकाट्याने भट्टीत लाकडं कोंबत होता.

"नाक्या, पळ! मामांना घरून घेऊन ये!"

टिकटिक साहेबांकडे धावली. साहेबांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. "ती इस्त्री मीच टांगलीय!" ते खेकसले. "वाफ फुकट जाते सारखी. दुपारी चादरी द्यायच्यात, कळतं का? आता पोरं मला बॉयलर शिकवणार! चालते व्हा!"

मग ती आईकडे गेली. आईच्या हातावर मागच्या वर्षी भाजल्याचा लांब डाग होता. तेव्हाही साहेब म्हणाले होते, तुझंच लक्ष नव्हतं.

"आई, बाहेर चल! बॉयलर फुटेल!"

"साहेबांना सांगितलंस ना? बघतील ते. रोलर सोडला तर मला घरी बसवतील गं. जा बरं!"

आता एकच गोष्ट उरली होती. जेवणाची घंटा. फाटकाजवळ टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर पाच ठोके पडले की सगळे बाहेर येत, हमालदादासुद्धा. पण मागच्याच आठवड्यात पोरांनी गंमत म्हणून ती वाजवली होती. ही पोरंच, हे बायकांनी आतूनच ओळखलं होतं आणि आई ओरडली होती, "परत हात लावलास तर हात मोडीन!"

त्यांनी ओळखलं कशावरून? टिकटिकने डोळे मिटले आणि वॉचमनआजोबांची घंटा मनात ऐकली. चार ठोके सरळ पडतात. मग आजोबा दुखरा खांदा चोळतात. पाचवा उशिरा पडतो, आणि जरा हलका.

"आजोबा, साहेबांनी बोलावलंय, तातडीने!" भोंग्याने थाप मारली. आजोबा लगबगीने उठले. टिकटिकने हातोडा उचलला.

ठण्ण. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. ती थांबली. खांदा चोळायला लागेल तेवढं तिने मोजलं. मग हलकेच, ठण्ण.

यंत्रं बंद झाली! डबे घेऊन बायका बाहेर पडल्या. नऊ, दहा. अकरावा हमालदादा. सगळ्यात शेवटी, बारावी आई.

"अकरा वाजता कसलं जेवण? आत व्हा सगळ्या!" साहेब ओरडतच दाराकडे निघाले. तेवढ्यात बॉयलरमामा धावत फाटकातून शिरले. रंग जळून काळं पडलेलं धुराडं पाहताच त्यांनी साहेबांची कॉलर धरून त्यांना मागे फेकलं. "झोपा! सगळे खाली झोपा!"

मग जो आवाज झाला, तो टिकटिकला मोजता आला नाही.

धूळ बसली तेव्हा भिंत नव्हती. आईचा रोलर विटांखाली चेपला होता. मामा दारापाशी पडले होते आणि त्यांच्या कानांतून रक्त येत होतं.

मामा वाचले, पण त्यांचे दोन्ही कान कायमचे गेले. साहेबांना पोलिस घेऊन गेले. आठवड्याने तिघं दवाखान्यात गेली. सगळ्या बायका तिथंच होत्या. त्यांचं काम गेलं होतं, तरी सगळ्या मामांसाठी आल्या होत्या.

"शाब्बास रे पोरांनो!" मामा फार मोठ्याने म्हणाले, कारण स्वतःचा आवाजही त्यांना कळत नव्हता. "बारा माणसं बाहेर काढलीत! वाजवा तुमची धून." त्यांनी खाटेच्या लोखंडी दांडीवर तळहात ठेवला. "इथं वाजवा. हाताला लागेल."

टिकटिकने चमच्याने दांडीवर चार ठोके दिले. पाचव्यासाठी ती थांबली, पण तिचा हात वर उठेना. तिला एकदम रडू फुटलं.

हात मोडीन म्हणणाऱ्या आईने तो हात आपल्या डागाळलेल्या हातात धरला आणि पाचवा ठोका दोघींनी मिळून दिला.