मधली खुर्ची

नव्या सभागृहातला आवाज मोजायला आलेली ती अगदी मधल्या खुर्चीत मीटर मांडून बसली, तोच स्टेजवरून कुणीतरी खेकसलं – “ओ बाई, उठा! कार्यक्रमाला अवकाश आहे अजून!”

“मी तुमचा आवाज मोजायला आलेय... आणि तो आत्ताच जास्त भरला!”

खेकसणाऱ्या साउंडवाल्याने कानाला हात लावला. असा काही हसला म्हणता, की मीटरवरचा आकडा टिपायचा राहूनच गेला.

“बरं मीटरबाई, त्या खुर्चीत एक स्पीकर सत्तर डेसिबल देतो. दोन लावले की एकशेचाळीस ना?”

“छप्पर उडेल! दोघं आपापलं वेगळं गात असतील, तर त्र्याहत्तर. पण एकच सूर दोघांतून पावलाला पाऊल जुळवून आला... तर शहात्तर.”

“म्हणजे सोबतीचे तीन जास्त?”

“सोबतीचे नाही. जुळण्याचे,” ती म्हणाली, आणि उगाचच लाजली.

काम संपेतो ‘अहो’चं ‘अरे’ झालं. तिला दूरच्या शहरात नोकरी लागली होती, उद्या निघायचं. कुणी नुसतं ‘थांब’ म्हटलं असतं, तरी पुरे होतं.

“शेवटची चाचणी. मधे बस,” तो म्हणाला आणि पाठ फिरवून माईकपाशी उभा राहिला. पण आज त्याने भलत्याच तंद्रीत एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. एकाने ढकलावं, दुसऱ्याने ओढावं – दोन्ही आवाज नेमके तिच्या खुर्चीत येऊन एकमेकांना गिळून गेले. भिंतींवर आपटून आलं तेवढंच उरलं, अगदी पुसट –

“जाऊ नकोस ना... माझ्यासाठी.”

तिने ऐकलं. पण मन मोठं हावरट हो! देव ओंजळीत घालतो, आणि आपण परात आणायला धावतो. तिला ते शहात्तरमध्ये हवं होतं.

“काहीच ऐकू नाही आलं!” ती लटकंच म्हणाली. “तारा उलट्या लावल्यास, वेंधळ्या. नीट कर, आणि पुन्हा म्हण.”

तो गुडघ्यांवर बसून तारा बदलत राहिला. “देवाच्याच मनात नसेल,” असं काहीसं पुटपुटला. मग माईकपाशी आला.

“एक... दोन... तीन.”

आवाज कसा भरभरून आला! मीटरवर बरोबर शहात्तर.

“आला ना आता?”

“आला. पण मघाशी...”

“मघाशी काय?”

मघाशी खोटं बोलले, एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलेना.

“काही नाही... आकडा बरोबर आहे.”

तो वायर गुंडाळू लागला.

आता ती दूरच्या शहरातली सभागृहं मोजते. मधल्या खुर्चीत बसते, आकडा टिपते, मीटर बंद करते... आणि लगेच उठत नाही. भिंतींकडे कान लावून बसते.