मागच्या आसनाची रेघ

"हात हलतो ना, त्याच्या अर्धा सेकंद आधी तो हलायला तयार झालेला असतो," असं म्हणत डॉ. वसुमती रिसबूड यांनी विमान वळवायच्या दांड्यावर बसवायची काळी मूठ टेबलावर ठेवली. "मेंदूकडून निरोप निघतो, मनगटातले स्नायू कंबर कसतात आणि मग कुठे हात हलतो. आपल्याला वाटतं, आपण ठरवलं आणि हलवला. ही मूठ ते कंबर कसणं ओळखते."

माण तालुक्यातल्या माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन माणसं उभी होती आणि तिघांच्या मध्ये घरी बांधलेलं दुआसनी विमान. आसनं एकामागे एक, सायकलवर डबलसीट बसावं तशी. पुढच्याला सगळी यंत्रं, मागच्याला पुढच्याची पाठ.

वैमानिक होता सुहास जगदाळे. मागे बसणार होते त्याचे सासरे, विश्राम बाबर. वायुसेनेत तीस वर्षं विमानांच्या वायरी ओढून निवृत्त झालेले, आणि गरज पडली तर विमान उतरवण्याइतकं उडवताही येणारे. या दोघांना जोडणारा दुवा भिंतीवर टांगलेला होता: जुन्या विमानाचा अर्धा पंख, काठाशी कागदासारखा चुरगळलेला. दोन वर्षांपूर्वी ते विमान भैरोबाच्या कड्यावर आपटलं, तेव्हा पुढे सुहास होता आणि मागे विश्रामची लेक हेमांगी. सुहासच्या चार बरगड्या मोडल्या. हेमांगीच्या छातीतून पुढच्या आसनाची नळी आरपार गेली. ती नळी कापून लेकीला बाहेर काढायला कटर विश्रामनेच धरला होता, कारण दुसऱ्या कोणाचा हात ठरेना.

चौकशीत दोष वाऱ्याच्या झोतावर गेला. विश्राम शनिवारी मारुतीच्या देवळात बुवांच्या मागे उभा राहून झांजा वाजवी, झील धरी. एका शनिवारी क्षमेवरचं निरूपण रंगलं आणि त्याला भरून आलं. बुवांच्या पायांवर डोकं ठेवून तो म्हणाला, मी जावयाला माफ केलं. साऱ्या गावाने ते ऐकलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

हे दुसरं विमान हेमांगीने अर्धं बांधून ठेवलेलं. ते दोघांनी पुरं करायचं ठरलं. विश्रामची अट एकच होती. मागच्या आसनापुढे पडदा हवा. पोरीला समोर काही दिसत असतं, तर ती निदान ओरडली असती.

"पडद्यावर उंची, वेग, क्षितिज, सगळं येईल," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "पण मुख्य म्हणजे ही भगवी रेघ. हेतुरेषा म्हणू या. वैमानिक विमान कुठे नेऊ पाहतोय, ते ती अर्धा सेकंद आधी दाखवते. शिकवणारा मागे बसतो, त्याला शिकाऊ माणसाची चूक घडण्याआधी कळावी म्हणून."

विश्रामने मूठ हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "आणि मनात आलं, पण केलं नाही तर?"

"तर मेंदू लगाम ओढतो. पण निरोप तर गेलेला असतो. अशी रेघ फिकट दिसते. हात निघालाच की गडद होते."

"म्हणजे मनातलं पापसुद्धा दिसायचं."

"पाप-पुण्य तुमच्या बुवांना विचारा. मला मनगटातलं कळतं."

सुहास हसला. विश्राम हसला नाही.

शिकाऊ माणूस कुठेही बसू शकतो, म्हणून मुठी दोन्ही दांड्यांवर होत्या, आणि दोन्ही आपापली नोंद ठेवणाऱ्या. पुढच्या मुठीच्या वायरीला पांढरी पट्टी, मागच्या मुठीच्या वायरीला पिवळी. मागच्या पडद्याला पांढरी जोडायची, म्हणजे मागच्याला पुढच्याचा हेतू दिसेल. बाईंनी हे दोनदा सांगितलं. जमिनीवरची चाचणी मात्र दोघांनी बसून करा, हेही सांगितलं, आणि त्या पुण्याला गेल्या.

आता सासरा-जावयाची काम करायची रीत अशी, की सुहास सकाळी शेडमध्ये यायचा आणि विश्राम दुपारी. दोघांत बोलणं व्हायचं ते दाराजवळच्या फळ्यावर, खडूने. "मामा, मागचं चाक घासतंय." खाली दुपारचं उत्तर, "घासून घेतलं." भांडण नव्हतं. फक्त समोरासमोर आलं की विश्रामची नजर जावयाच्या बरगड्यांकडे जायची, आणि मग त्याला कटरचा आवाज ऐकू यायचा.

पडदा विश्रामने एकट्याने बसवला. मागचं आसन काढलं, समोरच्या फळीला चौकोन पाडला, कानशीने कडा साफ केल्या, विमानाच्या पोटातून वायरी ओढल्या. पांढरी वीतभर कमी पडली. जोडतुकडा फलटणहून मागवावा लागणार होता. तोवर पडदा चालतो का पाहावं म्हणून त्याने हाताशी असलेली पिवळी खोचली आणि मागची मूठ धरली. रेघ उमटली. हात वळायच्या आधी ती वळली. म्हातारा पोरासारखा हरखला आणि अर्धा तास डावं-उजवं करत बसला.

जोडतुकडा आला त्या दिवशी हेमांगीचं श्राद्ध होतं. दुसऱ्या दिवशी फळी चौदा स्क्रूंनी बंद झाली. फळ्यावर सकाळचं अक्षर होतं, "मामा, दोघांची चाचणी कधी?" त्यासाठी त्या पाठीमागे, त्या मानेकडे बघत तासभर बसावं लागलं असतं. पुढचा-मागचा दांडा एकाच सळईवर आहे, त्यात तपासायचं ते काय, असं विश्रामने स्वतःला समजावलं आणि खाली लिहिलं, "झाली."

कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांच्या गळ्यात हार पडतो, श्रोत्यांना बुक्का लागतो, आणि मग उपरणं आवळून बुवा आख्यानाला हात घालतात. तोवर जे नुसतं सांगितलं, ते पुढे माणसांच्या अंगावर घडतं. इथेही तसंच झालं.

चैत्रातल्या एका सकाळी सात वाजता विमान माळावरून उठलं. हवा स्वच्छ होती, इंजिन एका सुरात गात होतं. विश्रामने शिकवणारे ठेवतात तसा मागच्या मुठीवर हात ठेवला होता. जोर नाही, नुसती सावली. पडद्यावर भगवी रेघ क्षितिजाला लागून सरळ होती. सुहासने कानातल्या यंत्रातून विचारलं, दिसतंय का सगळं. विश्राम म्हणाला, दिसतंय.

दहा मिनिटांनी डाव्या हाताला भैरोबाचा कडा आला. त्याच्या मध्यावर पांढरा ओरखडा अजून होता.

विश्रामने पडद्याकडे पाहिलं. रेघ डावीकडे वळली होती. कड्याकडे, खाली. फिकट होती, पण होती.

डोळे मिटून उघडले तरी रेघ तिथेच.

"सुहासराव, उंची घ्या."

"उंची बरोबर आहे मामा."

विमान खरंच सरळ चाललं होतं. म्हणजे मनात आलेलं आवरून धरलंय, विश्रामने हिशेब केला. बाई म्हणाल्या होत्या तसंच. याच्या मनात कडा आहे. मग दोन वर्षांपूर्वीही होता का? वाऱ्याचा झोत म्हणे. कोणी पाहिला तो झोत? मागे बसलेली पोर तर जावयाची पाठ बघत मेली.

रेघ गडद होत गेली. जसजसा तो तिच्याकडे बघे, तसतशी ती रक्तासारखी दाट होई.

"मामा, हात सैल सोडा जरा. दांडा जड लागतोय," सुहास म्हणाला.

मला हात काढायला सांगतोय, विश्रामच्या डोक्यात लखकन आलं. त्याची मूठ आणखी आवळली. विमानाने नाक खाली घातलं.

"माझ्या पोरीलाही असंच नेलंस काय रे?"

पुढून उत्तर यायच्या आधीच त्याने आपल्या कानातल्या यंत्राची लोंबणारी वायर मोकळ्या डाव्या हाताने पुढे टाकली, सुहासच्या गळ्याभोवती तिचा वेढा घातला, टोक दातांत धरलं आणि मागे ओढली. वायर कातडीत रुतली. सुहासचे दोन्ही हात गळ्याशी आले. तो घुसमटून आवाज काढत होता, पाय झाडत होता, पुढच्या फळीवर त्याचे गुडघे आपटत होते. विमान एका पंखावर कलंडलं, सैल सामान छताला जाऊन भिडलं, कडा खिडकीभर मोठा झाला.

मग सुहासने एक गोष्ट केली. उजवा हात गळ्यावरून काढला. वायर लगेच अर्धं बोट आत गेली, तरी त्याने तो हात खाली नेऊन दांड्याची मूठ धरली.

आता तो शेवटचा हिसका देणार, असं विश्रामला वाटलं. आसनाखालचं आग विझवायचं लोखंडी नळकांडं त्याने डाव्याच हाताने ओढून काढलं आणि पुढच्या डोक्यावर हाणलं. एकदा. दुसऱ्यांदा. दुसरा घाव कानाखाली बसला, जबड्याचं हाड मोडल्याचा आवाज इंजिनावरून ऐकू आला. पुढच्या काचेवर रक्ताची चूळ उडाली. सुहासचं डोकं खांद्यावर पडलं. दोन्ही हात सुटून बाजूला लोंबकळले, विमानाच्या हिसक्यांबरोबर मेल्या कोंबडीसारखे हलत राहिले.

विश्रामने धापा टाकत पडद्याकडे पाहिलं.

रेघ होती. गडद, जाड, कड्याच्या मधोमध.

पुढे मुठीवर हात नव्हता. त्याने पुन्हा पाहिलं. दोन्ही हात लोंबत होते. मग ही रेघ कोणाची?

त्याने खाली पाहिलं. त्याचा स्वतःचा उजवा हात मागच्या मुठीवर होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती, आणि तो हात दांडा पुढे रेटत होता.

जोडतुकडा डब्यातच राहिला होता. श्राद्धाच्या आदल्या दिवशी खोचलेली पिवळी पट्टी चौदा स्क्रूंच्या आड तशीच होती. कडा दिसला आणि त्याच्या मनात आलं ते पडद्यावर उमटलं. पडद्यावर दिसलं म्हणून तो खवळला, खवळला म्हणून मूठ आवळली, मूठ आवळली म्हणून रेघ गडद झाली. सगळा वेळ तो स्वतःलाच बघत होता.

त्याने दांडा मागे ओढायला हवा होता. ओढू, असं त्याने ठरवलंही. पण रेघ खालीच राहिली. देवळात पायांवर डोकं ठेवणारा एक विश्राम होता आणि मनगटात बसलेला दुसरा. त्या दुसऱ्याला लेकीच्या ओरखड्यापाशीच जायचं होतं, जावयाला घेऊन. कड्यावरची निवडुंगं वेगवेगळी दिसू लागली.

तेवढ्यात सुहासच्या नाकपुडीशी रक्ताचा बुडबुडा फुगला. फुटला. पुन्हा फुगला.

जिवंत आहे.

आणि रेघ वर गेली. विश्रामने काही ठरवलं नव्हतं. हात अजून हललाही नव्हता. रेघ आधी उठली, कड्याच्या माथ्यावरून निळ्यात गेली, आणि मग त्याच्या मनगटाने तिच्यामागे दांडा खेचला. विमानाच्या पोटाला झुडपं खरवडली. डाव्या पंखाचं टोक दगडाला लागून तुटलं. पण कडा खाली गेला.

माळावर तो उतरला कसला, पडलाच. चाक निखळलं, विमान फरफटत शेडपर्यंत गेलं, विश्रामचं खांद्याचं हाड मोडलं. धावत आलेल्या माणसांना त्याने आधी जावयाचे पट्टे कापायला लावले. नंतर आलेल्या हवालदाराला विचारायची वेळच आली नाही. "अपघात नव्हे. मी मारलंय," तो म्हणाला.

सतरा दिवसांनी जबाबासाठी हवालदार विश्रामला साताऱ्याच्या दवाखान्यात घेऊन आला. सुहासचा जबडा तारांनी बांधला होता, गळ्याभोवती वायरीचा जांभळा वळ होता. बोलता येत नव्हतं, म्हणून उशाशी शाळेची पाटी ठेवली होती. डॉ. रिसबूडही आल्या होत्या. त्यांनी दोन कागद पलंगावर शेजारी शेजारी पसरले.

पिवळ्या पट्टीच्या नोंदीत काय होतं ते विश्रामला ठाऊक होतं. त्याने मान फिरवली.

"ही पाहा," बाईंनी दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. "पांढरी. पुढच्या मुठीची. सबंध उड्डाणात कड्याकडे एकदाही नाही. फिकटसुद्धा नाही. आणि हे शेवटचे तीन सेकंद. गळ्यात वायर असताना यांनी एक हात काढून मूठ धरली ना, तेव्हाचे."

रेघ गडद होती. वर, उजवीकडे, कड्यापासून लांब.

"माणूस गुदमरताना हात गळ्याकडेच जातो," बाई हळू म्हणाल्या. "तो काढून खाली न्यायला मेंदूला केवढं बळ लागत असेल, मला सांगता येणार नाही. तसा आकडा माझ्याकडे नाही."

तिसरा सेकंद जिथे संपत होता, तिथे रेघ तुटली होती. तो नळकांड्याचा पहिला घाव.

विश्राम कागदाकडे पाहत राहिला. रडला नाही. रडायचा हक्क आहे की नाही, हे त्याला ठरवता येईना.

हवालदाराने वही उघडली आणि सुहासकडे पाटी सरकवली. झालं ते लिहा, साहेब, म्हणाला. सुहासने पेन्सिल घेतली. मग शेडमधल्या फळ्यावरच्याच त्या ओळखीच्या, सकाळच्या अक्षरात त्याने लिहिलं आणि पाटी हवालदाराकडे न देता सासऱ्याकडे फिरवली.

"मामा, पांढरी पट्टी जोडा. पुढच्या खेपेला मागे मी बसतो."

हवालदाराने वाकून वाचलं. "अहो, हा काय जबाब झाला?"

विश्रामला काहीतरी म्हणायचं होतं. शब्द सुचायच्या आधीच त्याचा मोडका हात झोळीतून निघून दुसऱ्या हाताला जाऊन जुळला होता.