चौथी केस

ॲन आर्बरला मी गाड्यांच्या सुट्या भागांची मापं तपासायची नोकरी करतो, आणि घरी आलो की रायफलीच्या काडतुसांच्या रिकाम्या केसेस मापत बसतो. इशिता, माझी बायको, म्हणते, "माणसांपेक्षा तुझा त्या कॅलिपरवर जास्त विश्वास आहे." आहेच. कॅलिपर कुणाचं मन राखत नाही.

हा नाद मला राजसने लावला. आम्ही एकाच मॉडेलच्या रायफली घेतल्या, काडतुसाच्या पितळी केसेसही एकाच लॉटच्या. नवी केस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, जराशी सैल बसते. पहिल्या बाराला ती फुगते आणि त्या चेंबरचं माप कायमचं घेते, अंगावर बेतून शिवलेल्या सदऱ्यासारखं. राजसच्या चेंबरला आतून बारीक ओरखडा होता, म्हणून त्याच्या प्रत्येक केसच्या खांद्यावर, गळ्याखालच्या उतारावर, तिरकी रेघ यायची. चेंबर किंचित लांबही होतं. त्याची वापरलेली केस माझ्या रायफलीत घातली की मागचा बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करायची खिट्टी, बंदच होत नसे. "तुझ्या रायफलीचं पोट सुटलंय," मी त्याला चिडवायचो.

गेल्या नोव्हेंबरात तो उत्तरेच्या जंगलात हरणाच्या शिकारीला गेला आणि परतला नाही. त्याची रायफलही सापडली नाही. वाट चुकलेल्याने तीन बार काढायचे, ऐकणाऱ्याने एक बार काढून उत्तर द्यायचं, ही इथल्या शिकाऱ्यांची रीत. त्याची बायको उर्वी शोधपथकाबरोबर बर्फात उभी राहून त्या तीन बारांसाठी कान लावून होती. ते आले नाहीत.

जुलैत तिने घर सोडून दूर दक्षिणेला, कॅरी गावी आईवडिलांकडे जायचं ठरवलं. "आणि तो आला तर? दार कोण उघडेल?" हे तिचं विचारणं थांबलं होतं. मला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

गराज आवरताना राजसचा कोऱ्या केसेसचा डबा निघाला.

"सिद्धेश, या फेकू नको यार," उर्वी म्हणाली. "एकदा तरी फायर कर. मी पण येते. मग मूव्हर्स येऊ देत."

घरी नेऊन मी सगळ्या केसेस मापल्या. सगळ्या कोऱ्या, रेघ एकीवरही नाही. नमुन्यादाखल तीन केसेसमध्ये दारू आणि गोळी भरली.

शनिवारी सकाळी नेमबाजीच्या रेंजवर आम्ही दोघंच होतो. पलीकडे मक्याचं शेत, वारा पडलेला, अंगाला घाम. मी माझ्या रायफलीतून तिन्ही बार काढले. उर्वी बाजूला सतरंजीवर डोळे मिटून बसली होती.

पहिली केस उचलली. गरम होती. खांद्यावर तिरकी रेघ.

राजसची एखादी जुनी केस मिसळली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण काल मीच मापल्या होत्या. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. रेघ होतीच. कॅलिपर लावला. माप राजसचं.

आत्ताच माझ्या रायफलीतून निघालेली केस मी परत तिच्यात घातली.

बोल्ट बंद होईना.

टॉर्च लावून चेंबर पाहिलं. आत ओरखड्याचा मागमूस नव्हता.

"तीन बार काढलेस ना?" उर्वीने डोळे न उघडता विचारलं.

"हो. मापायला तीन पुरे होतात." बोलता बोलता माझ्याही ध्यानात आलं: वाट चुकलेलाही तीनच काढतो.

"मग चौथा कोणी काढला?"

"चौथा बार झालाच नाही, उर्वी."

"झाला. लांबून आला."

मी सतरंजीकडे पाहिलं. तिन्ही केसेस माझ्याकडे होत्या. तरी तिथे एक पडलेली होती. उर्वीने ती उचलली, अंगठा खांद्यावरून फिरवला, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख पसरलं की मला बघवेना. तिने फोन काढला.

"हॅलो, मंडेचं मूव्हिंग कॅन्सल करायचंय. नो, नॉट रीशेड्यूल. कॅन्सल."

मी तिच्या हातातून केस घेतली. बोटं बधिर झाली. उलटी केल्यावर तळहातावर आधी पाईनचं सुईसारखं हिरवं पान पडलं, मग चिमूटभर बर्फ.